थोडे अंतर, अपुरी तयारी

थंडीचे दिवस सुरू झाले की आपल्याकडे रस्त्यावरच्या शर्यतींना भर येतो. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि मुंबईची २००४ साली. आता बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्या मोजक्या धावपटूंच्या मागोमाग पाच-दहा किलोमीटर धावणाऱ्यांचे थवेच्या थवे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे रस्त्यावर दिसतात. महाविद्यालयांच्या आणि तालुक्याच्या क्रीडामंडळांच्या दौडीही याच सुमारास होतात. त्यांत नाव देणाऱ्या विद्यार्थ्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक, दिवाळीपासून नेमाने सराव करणारा. आणि दुसरा, ‘पाचच तर किलोमीटर आहेत!’ असे म्हणून आदल्या आठवड्यात बूट शोधू लागणारा. प्रस्तुत लेख या दुसऱ्या, आणि संख्येने मोठ्या, वर्गासाठी आहे.

आपणा विद्यार्थ्यांना परीक्षेचा एक अनुभव असतो. वर्षभर पुस्तक उघडले नाही तरी शेवटच्या चार रात्री जागून उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळवता येतात. शरीर मात्र असली घोकंपट्टी मानत नाही. हृदयाची आणि स्नायूंची कार्यक्षमता जाणवण्याइतकी वाढायला काही आठवडे लागतात. अस्थी आणि स्नायुबंध कणखर व्हायला तर महिने जातात. तेव्हा शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात ऊर फुटेस्तोवर धावून हाती लाभ काही येत नाही, थकवा तेवढा येतो. त्या आठवड्यात रोज अर्धा तास झपझप चालावे, मधूनमधून हलके धावावे आणि झोप पुरी घ्यावी, हे उत्तम.

येथे कोणी आपल्या आजोबांचा दाखला देईल : ‘त्यांनी कुठे सराव केला होता?’ हा दाखला तपासून पाहण्याजोगा आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर झालेल्या शर्यतींत शेतकरी वर्गातील तरुण अनवाणी धावले. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळालेले नव्हते. तरीही त्यांची धाव पाहून सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि पुढल्याच वर्षी भारताचा संघ अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले. या तरुणांची तयारी नव्हती, असे म्हणणे बरोबर होणार नाही. शेतातले कष्ट आणि रोजची पायपीट हीच त्यांची तयारी होती. बसने किंवा दुचाकीने महाविद्यालयात येणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या पदरी ती शिदोरी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

मग अपुऱ्या तयारीनिशी धावणाऱ्याच्या हाती उरते काय? एकच गोष्ट उरते : पहिल्या किलोमीटरचा वेग. असे का, हे समजण्यासाठी शरीराची ऊर्जाव्यवस्था थोडक्यात पाहू. स्नायूंत तयार असलेली ऊर्जा जेमतेम दहा सेकंद पुरते. त्यापुढे मिनिट-दोन मिनिटे प्राणवायूच्या पुरेशा पुरवठ्यावाचून शर्करेचे विघटन करून शरीर वेळ मारून नेऊ शकते. नंतरचा भार मात्र श्वासावाटे येणाऱ्या प्राणवायूवर पडतो. पाच किलोमीटरच्या धावेत लागणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा हिस्सा याच मार्गाने मिळतो. गंमत अशी की, हा पुरवठा मागणीइतका वाढायला दोन-तीन मिनिटे लागतात. त्यामुळे सुरुवातीची मिनिटे उसनवारीवर चालतात, आणि नेमक्या त्याच वेळी गर्दी, ढोल-ताशे व शिट्ट्या यांच्या भरात आपण सर्वांत जोरात पळतो. कर्ज आधीच फार झाले, तर पुढे ते फेडता फेडता पाय जड होतात, कुशीत कळ येते आणि चालण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

एक साधे गणित करू. एखाद्या विद्यार्थ्याला किलोमीटरला सात मिनिटे हा वेग झेपतो असे समजा. तो सारखा राखला, तर पाच किलोमीटर ३५ मिनिटांत संपतील. तोच विद्यार्थी पहिला किलोमीटर पाच मिनिटांत पळाला, दुसऱ्याला त्याला सात मिनिटे लागली आणि उरलेले तीन रखडत, चालत, प्रत्येकी नऊ मिनिटांत पुरे केले, तर एकूण वेळ होईल ३९ मिनिटे. आरंभी कमावलेली दोन मिनिटे त्याने तिप्पट व्याजाने परत केली! म्हणून आरंभीचा वेग असा असावा, की शेजाऱ्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता यावे. घड्याळ नसले तरी ही कसोटी प्रत्येकाजवळ असते. लोक पुढे जातील, जाऊ द्यावेत. त्यांतले पुष्कळसे तिसऱ्या किलोमीटरनंतर पुन्हा भेटतात. शिवाय चार मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे असा क्रम पहिल्यापासूनच ठेवला, तर त्यात कमीपणा काहीच नाही. ठरवून चालणे आणि दमून चालणे यांत फार अंतर आहे.

आता थंडीविषयी. धावताना स्नायूंत उष्णता निर्माण होते आणि गार हवेत ती सहज बाहेर पडते. या दृष्टीने हिवाळा धावणाऱ्याचा मित्रच होय. परंतु या मैत्रीची दुसरी बाजूही आहे. गारठलेले स्नायू आखडलेले असतात. म्हणून शर्यतीपूर्वी दहा-पंधरा मिनिटे चालून व हलके धावून अंग गरम करावे. स्वेटर तोवर अंगावर ठेवावा आणि धावण्याच्या ऐन वेळी काढावा. कोरड्या, थंड हवेने श्वासनलिका आकुंचन पावू शकतात, तेव्हा दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे शेकोट्यांचा व वाहनांचा धूर खालीच कोंडून राहतो. अशा दाट धुरक्यात धावण्याचा हट्ट नसावा. नाशिक-निफाडचा पहाटेचा गारठा आणि मुंबईची दमट हवा यांतही फरक आहे. मुंबईत सूर्य वर आला की जानेवारीतही घामाच्या धारा लागतात.

खाण्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. स्नायूंत व यकृतात साठलेली शर्करा पाच किलोमीटरला पुरून उरते, तेव्हा मूठमूठ ग्लुकोज खाण्याची गरज नाही. दीड-दोन तास आधी केळे किंवा चहा-पोळी, आणि थोडे पाणी, एवढे पुरे. नवे कोरे बूट मात्र त्या दिवशी घालू नयेत; फोड येण्यास दोन किलोमीटरही पुरतात.

काही प्रसंगी न धावणे हेच शहाणपण ठरते. अंगात ताप असताना मुळीच धावू नये. विषाणूजन्य आजारात जोराचे श्रम हृदयाच्या स्नायूला अपाय करू शकतात. धावताना छातीत दडपण वाटले, हाताकडे किंवा जबड्याकडे कळ गेली, भोवळ आली, श्वासात घरघर सुरू झाली किंवा सांध्यात तीव्र वेदना उठली, तर तत्काळ थांबावे आणि मदत मागावी. पदक पुढल्या वर्षीही मिळते.

शर्यत संपताच मटकन बसू नये. धावताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. आपण एकदम थांबलो की ते पायांत साचते आणि घेरी येते. म्हणून पाच-दहा मिनिटे चालत राहावे, आणि घाम निवण्याआधी स्वेटर घालावा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलू लागतील. हे दुखणे लॅक्टिक आम्लाचे, असा समज आजही रूढ आहे. प्रत्यक्षात ते द्रव्य साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. दुखणे उद्भवते ते सवय नसलेल्या श्रमाने स्नायुतंतूंना पडलेल्या सूक्ष्म चिरांमुळे, आणि तीन-चार दिवसांत ते ओसरू लागते. मात्र यातच एक आशेची गोष्ट दडलेली आहे. तेच श्रम काही आठवड्यांच्या आत पुन्हा केले, तर स्नायू पहिल्याइतके दुखत नाहीत. एकदा दिलेला धडा त्यांच्या लक्षात राहतो.

विद्यार्थिमित्रांनो, म्हणूनच अपुऱ्या तयारीने धावलेल्या शर्यतीची खरी किंमत तिच्या वेळेवरून ठरवू नये. नंतरचे दुखणे ओसरल्यावर, त्याच आठवड्याच्या शेवटी, आपण पुन्हा बूट चढवून दोन किलोमीटर सावकाश धावून आलो की नाही, यावरून ती ठरते. तसे झाले, तर यंदाची कच्ची दौड हीच पुढल्या हिवाळ्याच्या तयारीचा पहिला दिवस होय.