झाड लावायचे, पण कोणासाठी?



पहिला पाऊस झाला की वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. २०१९ च्या पावसाळ्यात तर राज्य सरकारने ३३ कोटी रोपांचा संकल्प केला होता. वारूळवाडीतल्या एका घरी मी बांधावर झाडे लावण्याचा विषय काढला, तेव्हा आजी चटकन म्हणाल्या, "फादर, झाडी वाढली की वाघ येईल."

आपल्या भागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली, लहान मुले गेली. म्हणून आजींच्या बोलण्यावर हसून चालणार नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक सवय लागली: कोणतीही गोष्ट 'कशामुळे' आणि 'कशासाठी' हे आधी विचारायचे. तेच इथे विचारू या.

बिबट्या शेतात कशामुळे राहतो? कुकडी प्रकल्पाचे पाणी आले आणि ऊस वाढला. वर्ष-दीड वर्ष उभा असलेला ऊस म्हणजे दाट आडोसा. मादी त्यातच पिले घालते. खायला काय मिळते? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या आहारात पाळीव प्राणीच अधिक आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा, असे त्यात दिसले. म्हणजे आडोसा आपला आणि अन्नही आपलेच. बिबट्याचे घर आपण नकळत आधीच बांधले आहे. मात्र ते बांधताना बांध कोरले, बोरी-बाभळी तोडल्या आणि सुगरण, पोपट, मधमाश्या यांची घरे मोडली.

आता 'कशासाठी' पाहू. गिरीपुष्प लवकर वाढते, हिरवळीचे खत देते, पण त्यावर हरियालाला खायला काही नसते. उंबर आणि वड हरियालाला फळे देतात. विहिरीवर झुकलेली बाभूळ सुगरणीला खोपा टांगायला हवी असते. भीमाशंकरचा शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर जातो, म्हणून त्याला झाडांची सलग रांग लागते. नुसती रोपे मोजून हे कळत नाही.

आपण काय करावे?

१. घराला आणि गोठ्याला खेटून ऊस लावू नये, तिथली झुडपेही काढावीत. गोठा बंदिस्त ठेवावा. उकिरड्यावर मांसाचे तुकडे टाकू नयेत, त्याने कुत्री जमतात.

२. घरापासून दूर, ओढ्याकाठी उंबर, वड, जांभूळ, करंज लावावेत. बांधावर बोर, बाभूळ, शेवगा चालतील. सावलीमुळे शेजाऱ्याशी वाद नको, म्हणून त्याला आधी विचारावे.

३. मे महिन्यात खड्डे खणावेत, दोन चांगले पाऊस झाल्यावर रोपे लावावीत. काट्यांचे कुंपण करावे. उन्हाळ्यात बुडाशी बारीक भोकाचे मडके पुरून ते भरावे, पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. बांध पेटवू नये.

लावण्याचा दिवस एकच असतो. जगवण्याचे उन्हाळे निदान तीन असतात. प्रत्येक कुटुंबाने जगवता येतील तेवढीच रोपे घ्यावीत, मग ती दोन असली तरी चालतील.

चर्चेसाठी: माझ्या बांधावर लहानपणी कोणती झाडे होती? त्यांवर कोण राहत असे? त्यांतले आज कोण उरले आहे?