महापुरानंतर भेदरलेली मुले

ता. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मीरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या सखल वस्तीत अशा वेळी भरती आडवी येते व पाण्यास वाट उरत नाही. पाणी यथावकाश ओसरते. भीती मात्र मुलाच्या मनात राहते. पुढे ढग गडगडताच असे मूल वही टाकून दाराकडे धावते, रात्री दचकून उठते, अंथरूण ओले करते किंवा मुकेच बसते. त्यास हट्टी समजून छडी उगारणे हा अन्याय होय. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर मोठी माणसेही छपराखाली निजण्यास धजत नव्हती, मग बालकाची कथा काय?

शिक्षकाने शाळेचा नेहमीचा क्रम लवकर सुरू करावा. ठरल्या वेळी वाजणारी घंटा हाही आधारच असतो. घडलेले सांगण्याची सक्ती करू नये. मूल आपण होऊन बोलले तर शांतपणे ऐकावे. भीती थोडी निवळल्यावर सरळ काठाच्या डब्यात पाऊस धरून पट्टीने त्याच्याकडूनच मोजवावा. महिना उलटूनही झोप व भूक न सुधारल्यास पालकांना जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगावे. टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ज्या शिक्षकाचे स्वतःचे घर बुडाले असेल त्यानेही तेथे बोलण्यास संकोच करू नये.