बोर्डोची दोन मिश्रणे

मोरचूद, चुना आणि पाणी यांचे बोर्डो मिश्रण आपल्यापैकी अनेकांनी फवारले असेल. परंतु हे बोर्डो म्हणजे काय, असे सुदामा नगरातील एका वाचकबंधूंनी आम्हास विचारले. सोबत दुसराही प्रश्न होता: गावाकडच्या काळ्या रानात वाइनची द्राक्षे लावावीत काय?

बोर्डो हे फ्रान्सच्या नैर्ऋत्येचे, गारोन नदीकाठचे शहर. त्याच्या उत्तरेस मेदोक नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून तेथील शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना शिंपडीत. १८८२ साली मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही! १८८५ साली त्यांनी हे औषध प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेली युक्ती अशी रोगावर लागू पडली.

याच मुलखाचे दुसरे मिश्रण म्हणजे तेथील पांढरी वाइन. ती बहुधा सोव्हिन्यों ब्लाँ आणि सेमियों या दोन द्राक्षांची करतात. कधी थोडे मुस्कादेल घालतात. सोव्हिन्यों लवकर पिकते. तिच्यात आंबटपणा व हिरवट सुवास असतो, पण अंग हलके. सेमियों भरीव, मात्र आंबटपणा कमी. एकीचे उणे दुसरी भरून काढते. शिवाय एका जातीचा बहर पावसाने वा थंडीने गेला तरी दुसरीचा आधार राहतो. ज्वारीत तूर पेरणाऱ्यास हे निराळे समजावून सांगायला नको.

या वाइनसाठी नावाजलेल्या एका भागाचे नावच ग्राव्ह, म्हणजे वाळूगोटे. तेथील गोटाळ जमिनीत पाणी साचत नाही आणि दिवसाची ऊब राहते. जवळच सोतेर्न येथे शरदात थंड सिरों नदी गारोनला मिळते, सकाळी धुके पडते आणि सेमियोंच्या पातळ सालीवर राखी बुरशी चढते. दुपारच्या उन्हात मणी सुकतात, साखर घट्ट होते. मजूर बागेत पुन्हा पुन्हा फिरून असेच मणी वेचतात आणि त्यांची गोड वाइन होते. ओल हटली नाही तर तीच बुरशी घड कुजवते.

एक गोष्ट बागाईतदारांनी ध्यानात ठेवावी. तोडणी जवळ आल्यावर तांब्याचा फवारा दिला तर सोव्हिन्योंचा सुवास घटतो. म्हणजे बोर्डोचे पहिले मिश्रण दुसऱ्याला बाधते!

आपल्याकडे सोव्हिन्यों पाहायची तर आग्रा रोडने नाशिकला जावे. तिथे १९९७ साली ती लावली गेली. फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपतो. आपल्याकडे झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरची फळछाटणी करावी लागते. फ्रान्सची तोडणी साधारण सप्टेंबरात, नाशिकची जानेवारी ते मार्चमध्ये. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आणले, विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले आणि लागवड वाढली. पण २००८ नंतर मागणी बसली, तेव्हा अनेकांनी बागा उपटून टाकल्या. वाइनची द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. वाइनरीने नाकारली तर बाजारात कोणी घेत नाही. म्हणून आमच्या वाचकबंधूंनी आधी खरेदीचा लेखी करार करावा, मगच खड्डे खणावेत. आणि पाणी धरणारे खोल काळे रान तर द्राक्षाला देऊच नये. निचऱ्याची मुरमाड जमीन असेल तर विचार करावा.

आता आरोग्याचे. वाइन हे औषध, असे काहीजण सांगतात. त्यावर आम्ही विश्वास ठेवीत नाही. तिच्यात साधारण बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्य कर्करोगकारक ठरविले आहे. यकृताचा विकार असणाऱ्यांनी व गरोदर भगिनींनी ती घेऊच नये.

मग वेदीवरचे काय? ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे मिस्सासाठी द्राक्षारस द्राक्षांचाच, शुद्ध व न बिघडलेला हवा. पांढरा वा तांबडा दोन्ही चालतो. पांढऱ्याचे डाग वेदीच्या वस्त्रावर दिसत नाहीत, एवढीच सोय. ज्या धर्मगुरूंना मद्य बाधते त्यांना बिशपांच्या परवानगीने आंबणे थांबविलेला ताजा द्राक्षरस वापरता येतो.