वसई किल्ल्यातील चर्चेस : छप्पर कोठे गेले?

यंदा आमच्या इतिहास विभागाची सहल वसईच्या किल्ल्यात गेली. तसे पाहिले तर वसई मला नवी नाही. मी लहान असताना आईबाबा दिवाळीनंतर दाभोशाहून त्या बाजूच्या वीटभट्टीवर कामाला जात आणि मीही बरोबर असे. किल्ला इतक्या जवळ असूनही आम्ही तो कधी पाहिला नाही. भट्टीवर सुट्टी कसली! आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, त्यामुळे किल्ल्यात पाऊल टाकायला ही सहल निघावी लागली.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशे वर्षे तटाच्या आत त्यांचे एक सबंध शहर नांदत होते. आपल्या क्रमिक पुस्तकांत हा काळ मध्ययुगात मोडतो. युरोपचे मध्ययुग मात्र तोवर सरले होते. कमानींकडे पाहिले की हे कळते. युरोपातील उत्तर मध्ययुगातल्या चर्चच्या कमानी टोकदार असतात, वसईच्या गोल आहेत. कारण तेव्हा तिकडे जुन्या रोमन वळणाची आवड पुन्हा जागी झाली होती.

सेंट जोसेफचे चर्च 1546 मध्ये बांधले व 1601 मध्ये वाढवले. त्याचा मनोरा लांबूनच दिसतो. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या शिळा आहेत व त्यांवर पोर्तुगीज अक्षरे कोरलेली आहेत. आमची मंडळी ती वाचण्यात (आणि फोटो काढण्यात) गुंतली. माझे लक्ष वर गेले. लोक जेथे प्रार्थनेला जमत त्या लांब दालनावर मोकळे आकाश होते. पण टोकाला, वेदीच्या जागी, दगडी छत उभे! मी विचारले, "सर, अर्धेच छप्पर का पडले?" सर म्हणाले, "तूच शोध आणि अंकासाठी लिही."

गोल दगडी छत म्हणजे लांबवर ओढलेली कमान. आधी लाकडी ढाचा उभारायचा, त्यावर घडीव दगड चुन्यात बसवायचे, मधला शेवटचा दगड बसून चुना धरला की ढाचा काढून घ्यायचा. मग दगडच एकमेकांना धरून राहतात. मात्र ते भिंतींना सतत बाहेर रेटतात. दालन जितके रुंद, तितका रेटा मोठा आणि भिंत जाड. म्हणून वेदीच्या लहान जागेवर दगडी छत घातले आणि रुंद दालनावर लाकडी तुळया, वासे, कौले. वसईच्या मागच्या जंगलात सागवान मिळे. त्याची तेथे जहाजेही बांधली जात.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला 15 एप्रिल 2019 रोजी आग लागली, तेव्हा असेच दिसले. वरचे मध्ययुगीन लाकडी छप्पर जळून गेले, त्याखालचे दगडी छत काही भाग सोडता टिकले.

घरी आल्यावर हे सगळे मी बाबांना सांगितले. आमचे घर कुडाचे. पावसाळ्याआधी शाकारले नाही तर पहिल्याच सरीत गळते. माझे रेट्याचे गणित त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग शाकारायचं कधी बंद झालं?"

मी एवढा विचार केला नव्हता. मग पुन्हा पुस्तके काढली. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. तहाच्या अटींप्रमाणे पोर्तुगिजांना किल्ल्यातून सुखरूप जाऊ दिले. पाद्री गेले, शहर ओस पडू लागले, आणि कौल सरकले तर वर चढून पाहणारे कोणी उरले नाही. आमच्या भागात पाऊस किती पडतो हे वाचकांना सांगायला नको. मोठ्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटाही वसईचीच म्हणतात. जव्हारहून नाशिकला एस.टी. जाते, बाबांना घेऊन एकदा ती पाहून यायचे ठरले आहे.