एक वर्ग, अनेक विद्यार्थी आणि ऑनलाइन साधने

'व्यक्ती तितक्या प्रकृती' ही म्हण आपण सारेच वापरतो. पण वर्गाच्या दारातून आत शिरलो की ती विसरतो. साठ विद्यार्थी, एक फळा, एक भाषा आणि एकच वेग! मग जो मागे पडतो त्याला आपण 'कच्चा' म्हणून मोकळे होतो. ऑनलाइन साधनांनी यात काही फरक पडू शकेल काय, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम माझ्याच वर्गातले उदाहरण देतो. माझे शिक्षण बारावीपर्यंत उदगीरला मराठी माध्यमातून झाले. आईचे माहेर बीदरचे, त्यामुळे घरात कन्नडही बोलली जाते. हैदराबादला बी.कॉम.च्या वर्गात आलो आणि लेखाकर्माच्या पहिल्याच चाचणीत 25 पैकी 7 गुण मिळाले. त्याच चाचणीत माझा एक मित्र व एक मैत्रीण नापास झाली. यादीत तिघेही एकाच रांगेत. कारणे मात्र तीन होती.

भाषेची अडचण

मला हिशेब येत होता, प्रश्न कळत नव्हता. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द तोंडपाठ. पण 'डेप्रिसिएशन' म्हणजे आपला घसाराच, हे कोणी सांगितले नव्हते. बालभारती आठ भाषांत पाठ्यपुस्तके काढते. मराठीबरोबर त्यांत कन्नड आणि तेलुगूही आहेत. ही पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मी बारावीच्या पुस्तपालनाची मराठी व इंग्रजी पुस्तके उतरवून घेतली, प्रकरणास प्रकरण लावून वाचली आणि शब्दांची वही केली.

येथे एक सावधगिरीची सूचना. मोबाइलवरच्या भाषांतरयंत्राने मला 'बॅड डेट्स'साठी 'वाईट कर्जे' आणि 'गुडविल'साठी 'सद्भावना' असे शब्द दिले. पुस्तकात ते 'बुडीत कर्जे' आणि 'ख्याती' आहेत. यंत्राला शब्द ठाऊक असतो, विषय ठाऊक असतोच असे नाही. म्हणून यंत्राचे भाषांतर पुस्तकाशी ताडून पाहिल्याखेरीज वहीत उतरवू नये.

वेळेची अडचण

माझा मित्र बेगम बाजारातील एका दुकानात कामाला होता. सकाळी माल उतरवून घ्यावा लागे, म्हणून पहिला तास नेहमी चुके. आणि लेखाकर्माचा तास पहिलाच! अशा विद्यार्थ्यासाठी ध्वनिचित्रमुद्रित पाठ उपयोगी पडतो. केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या व्यासपीठावर 2017 पासून असे अभ्यासक्रम आहेत. त्याहून सोपा उपाय म्हणजे शिक्षकांनी तासाचा गाभा पंधरा मिनिटांत मोबाइलवर मुद्रित करून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे. मुद्रित पाठ थांबवता येतो, मागे नेता येतो, दहादा ऐकला तरी कोणी हसत नाही. भर वर्गात 'सर, पुन्हा सांगा' असे म्हणण्याचे धैर्य प्रत्येकाला नसते.

दृष्टीची अडचण

मैत्रिणीची दृष्टी अधू आहे. फळ्यावरचे आकडे तिला दिसत नसत आणि ते सांगण्याचा तिला संकोच वाटे. संगणकावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे 'एनव्हीडीए' नावाचे साधन विनामूल्य मिळते. आम्ही मित्रमंडळी तिला वहीच्या पानांचे फोटो पाठवत असू. मोठा उपकार केला असे वाटे. पण फोटोतील हस्ताक्षर हे साधन नीट वाचू शकत नाही. तोच मजकूर टंकलिखित करून पाठवला तेव्हा तिचे काम झाले.

आधी विद्यार्थी, मग साधन

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहानसे गाव आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. जपानमध्ये 1994 साली मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी निघालेला हा काळा-पांढरा चौकोन! मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. पुस्तक तेच, पण वाचून शिकणाऱ्याला ते वाचता येते, ऐकून शिकणाऱ्याला ऐकता येते. 2020 चा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार डिसले यांना मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

अर्थात साधन घरी पोचले पाहिजे. 2020 साली शाळा बंद असताना तेलंगणात 1 सप्टेंबरपासून टी-सॅट व दूरदर्शन यादगिरी या वाहिन्यांवरून पाठ दाखवले गेले. ज्या घरी मोबाइल नव्हता, तेथेही दूरचित्रवाणीने धडा नेला. पण धडा चालू असताना तिला थांबवता येत नाही, शंका विचारता येत नाही. एका घरात एक मोबाइल आणि तीन भावंडे असली तर मुद्रित पाठाचेही तेच होते. तात्पर्य, सर्वांना एकच साधन देणे म्हणजे पुन्हा एकच फळा देणे होय.

म्हणून एक साधी सूचना कराविशी वाटते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून एक चिठ्ठी भरून घ्यावी. पूर्वीचे माध्यम कोणते? नोकरी करता काय? पाहण्या-ऐकण्यास काही त्रास आहे काय? स्वतःचा मोबाइल आहे काय? चार प्रश्न, पाच मिनिटे. त्यानंतर कोणाला कोणते साधन द्यावे, हे शिक्षकांना सहज ठरवता येईल.

दुसऱ्या चाचणीत मला 17 गुण मिळाले, मैत्रिणीला 19. आमच्या वर्गात मुद्रित पाठ दुसऱ्या सत्रात सुरू झाले. माझ्या मित्राने दिवाळीनंतरच नाव काढून घेतले होते. त्याची अडचण काय आहे, हे जूनमध्ये कोणी विचारले असते तर तोही आज आमच्या बाकावर असता. आणि विचारणाऱ्यांत मीही नव्हतो, हे येथे नमूद करतो.