हप्त्याचा दिवस आणि भाताचे वर्ष

शेतकऱ्याच्या हाती शासनाने रोख रक्कम द्यावी आणि ती कशावर खर्च करावी हे मात्र सांगू नये, ही रीत आपल्या विस्तारकार्यास तशी नवी आहे. पूर्वी मदत येई ती बहुधा बियाणे, खत, अवजार किंवा विहिरीचे अनुदान या रूपाने; आणि तिच्यामागून पावती, पाहणी व अट हीही येत. २४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेचा प्रारंभ झाला व या परिपाठात फरक पडला. जमीनधारक शेतकरी कुटुंबास वर्षाकाठी ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांनी, थेट बँक खात्यात मिळू लागले. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ या नावाने तितक्याच रकमेची जोड दिली. जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेखाली, वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या कुटुंबांतील २१ ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दरमहा १,५०० रुपयांचे साहाय्य सुरू झाले. या सर्वांना पात्रतेच्या अटी आहेत. खर्चाची अट नाही. बिनशर्त साहाय्य म्हणावयाचे ते याच अर्थाने.

अशा पैशाने अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाच्या जीवनात नेमका काय पालट होतो, हा प्रश्न ग्रामकार्यकर्त्यांस वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर रकमेच्या आकड्यात शोधण्याची सवय असते. मुळशी तालुक्यातील भातशेतकऱ्याचे वर्ष डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे असे दिसते की, रकमेइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व ती कोणत्या दिवशी हाती पडते यास आहे.

मुळशीत आता दोन तालुके नांदतात असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पूर्वेस हिंजवडी, माण, भूगाव, पिरंगुट या बाजूस कारखाने, कचेऱ्या आणि इमारती उभ्या राहिल्या. तेथील जमिनीचा भाव भाताच्या उत्पन्नावर ठरत नाही. पौडाच्या पलीकडे, धरणाच्या काठाने ताम्हिणीकडे जावे, तो डोंगरउतार, अतिवृष्टी आणि लहान लहान खाचरे लागतात. दोन्हीकडील पात्र खातेदारास हप्ता सारखाच मिळतो. एकास तो जाणवतही नाही. दुसऱ्याचे मात्र त्यावर पेरणीचे गणित बसते. पुढील विवेचन या दुसऱ्या शेतकऱ्याविषयी आहे.

त्याचे वर्ष असे असते. चैत्र-वैशाखात शेण, पाला व फांद्या पसरून राब भाजावयाचा. रोहिणी-मृगात रोप टाकावयाचे. आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी व लावणी. मग बेणणी, खताची मात्रा, आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी व झोडणी. पैसा येतो तो वर्षातून एकदाच, भात निघाल्यावर. खर्च मात्र ज्येष्ठ-आषाढात एकदम अंगावर येतो. एकरभर खाचरास रोपासाठी पंधरा किलोच्या सुमारास बी लागते, ते फारसे महाग नाही. पण पॉवर टिलरचे भाडे, लावणीची मजुरी, खत, मुलांच्या शाळेची वह्या-पुस्तके, घर शाकारण्यासाठी पत्रा अथवा प्लॅस्टिकचा कागद, आणि पावसाने आजारी पडलेल्या माणसाचे औषध हे सारे त्याच सहा आठवड्यांत येते. कणगी त्या वेळी तळाला गेलेली असते. पूर्वी इर्जिक करून लावणीची मजुरी वाचत असे. तरुण माणसे पिरंगुटच्या कारखान्यांत जाऊ लागल्यापासून माणूसबळ जुळवणे कठीण झाले आहे, व ज्याच्या घरी मनुष्यबळ नाही त्यास रोख मजुरी मोजण्यावाचून गत्यंतर नसते.

अशा वेळी उसनवार होते. समजा, एका कुटुंबाने मृगाच्या तोंडावर गावातून २,००० रुपये घेतले आणि व्याज शेकडा ५ रुपये दरमहा ठरले. भात निघेपर्यंत पाच महिने जातात. व्याजच ५०० रुपये होते. म्हणजे दोन हजारांच्या गरजेस अडीच हजार रुपये पडले. आणि ती फेड बहुधा खळ्यावर, भाव सर्वांत पडलेला असताना भात विकून करावी लागते. परवान्यावाचून सावकारी करणे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये गुन्हा आहे हे खरे. तथापि आषाढात दाराशी आलेल्या गरजेस अधिनियम पुरा पडत नाही.

आता सन्मान निधीच्या पावसाळ्यापूर्वीच्या हप्त्याकडे पाहावे. एप्रिल ते जुलै या काळासाठीचा हा हप्ता २०२२ साली ३१ मे रोजी जमा झाला. रोहिणी नक्षत्र चालू होते. बी, खत, भाडे या सर्वांस तो उपयोगी पडला असता. २०२३ साली तोच हप्ता २७ जुलै रोजी आला, लावणी बहुतेक आटोपल्यावर. २०२४ साली १८ जून, मृगात. २०२५ साली २ ऑगस्ट, पुष्य संपून आश्लेषा लागण्याच्या बेतात. चारही वर्षी रक्कम तीच, २,००० रुपये. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने या चार वेगवेगळ्या रकमा आहेत. पहिलीने उसनवार टळते. शेवटची आली तेव्हा उसने घेऊन झालेले असते, आणि ती व्याज थोपवण्याच्या किंवा श्रावणातील किराण्याच्या कामी येते. तीही निरुपयोगी नव्हे, पण तिने पीक उभे राहत नाही. शिवाय २०१९ साली ठरलेली वर्षाची रक्कम पुढे तशीच राहिली आणि मजुरी व भाडे मात्र वाढत गेले, याचाही विसर पडू नये.

यावर एक उपाय कुटुंबाच्या हातचा आहे. डिसेंबर ते मार्च या काळाचा हप्ता २०२२ साली १ जानेवारीस, २०२३ साली २७ फेब्रुवारीस, २०२४ साली २८ फेब्रुवारीस व २०२५ साली २४ फेब्रुवारीस पडला. माघ-फाल्गुनाच्या सुमारास भात घरात असते, मजुरीची कामेही मिळतात. हा हप्ता खात्यातच ठेवून ज्येष्ठात काढला, तर पावसाळ्यापूर्वीचा हप्ता वेळेवर आला काय किंवा उशिरा आला काय, बी-खताची सोय झालेली असते. विविध कार्यकारी सोसायटीचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते. हप्ता व पीककर्ज यांची सांगड घालता आली, तर खासगी उसनवारीची पाळी क्वचितच येईल. अर्थात ज्याच्या घरी फाल्गुनातच आजारपण आहे, त्यास हा सल्ला देण्यात अर्थ नाही, हे कार्यकर्त्याने ओळखावे.

फुकटचा पैसा माणसास आळशी करतो आणि तो दारूत जातो, असे पारावर नेहमी ऐकू येते. कार्यकर्त्यांपैकीही काहींचे मत असेच असते. मध्य प्रदेशात २०११ व २०१२ या वर्षांत ‘सेवा’ या स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने याचा प्रत्यक्ष प्रयोग केला. आठ गावांतील प्रत्येक प्रौढास दरमहा २०० रुपये व मुलास १०० रुपये, पुढे ३०० व १५० रुपये, कोणतीही अट न घालता देण्यात आले आणि पैसे न मिळालेल्या गावांशी त्यांची तुलना केली गेली. पैसा मिळालेल्या घरांत आहार सुधारला, जनावरे वाढली, मुलींच्या वजनात सुधारणा दिसली. दारूवरील खर्च वाढल्याचे आढळले नाही. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, लहान शेतकरी दुसऱ्याच्या बांधावरील मजुरी कमी करून स्वतःच्या शेतात अधिक राबू लागले. याचे कारण उघड आहे. हातात चार पैसे असले म्हणजे ऐन लावणीत आपले खाचर मागे ठेवून दुसऱ्याच्या खाचरात रोजावर जाण्याची पाळी येत नाही. यास आळस म्हणणे अन्यायाचे होईल. देशोदेशीच्या अशा योजनांचा आढावा जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ साली घेतला, तेव्हाही दारू-तंबाखूवरील खर्च वाढतो या समजुतीस आधार मिळाला नाही.

आफ्रिकेतील केनिया देशात झालेल्या एका प्रयोगातून आणखी एक धडा मिळतो. तेथे काही कुटुंबांस एकरकमी पैसा दिला व काहींस दरमहा थोडाथोडा. एकरकमी पैशातून लोकांनी गवताच्या छपराच्या जागी पत्रे घातले आणि टिकाऊ वस्तू घेतल्या. दरमहा मिळालेल्या पैशाने पोटापाण्याची निश्चिती अधिक झाली. आपल्याकडे चार महिन्यांचा हप्ता व महिन्याचे साहाय्य ही दोन्ही एकाच घरात येऊ शकतात. पहिला शेतीच्या खर्चासाठी व दुसरे घरखर्चासाठी, अशी विभागणी पुष्कळ गृहिणी कोणी न सांगता करतात.

मग विस्तारकार्यकर्त्याचे काम काय उरले? उत्तर प्रदेशात सन्मान निधीच्या परिणामांची पाहणी झाली, तीत असे दिसून आले की, कर्जाची सोय नसलेल्या शेतकऱ्यांस या पैशाचा विशेष आधार झाला. आणि कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने सुधारित वाणांचा जो प्रसार होतो, त्यास या पैशाने आणखी चालना मिळाली. याचा अर्थ, सल्ला आणि पैसा एकमेकांस पूरक आहेत. इंद्रायणीचे शुद्ध बी, गिरिपुष्पाचा पाला, चारसूत्री पद्धतीतील नियंत्रित लावणी व युरिया-डीएपी ब्रिकेट यांची माहिती खात्यात हप्ता पडण्याच्या सुमारास घरी पोहोचली, तर ती कानावरून जात नाही. मात्र ‘सरकारने पैसा दिला आहे, तेव्हा ब्रिकेट घेतलीच पाहिजे’ असे सांगण्याचा अधिकार कार्यकर्त्यास नाही. ज्या आईने त्या पैशातून मुलास डॉक्टरकडे नेले, तिने योजनेचा गैरवापर केलेला नाही.

स्त्रियांच्या नावावरील पैशाबाबत एक खुलासा गावोगाव करावा लागेल. लाडकी बहीण योजनेत इतर योजनांतून मिळणारी रक्कम वजा करून फरक देण्याचा नियम आहे. ज्या भगिनीच्या स्वतःच्या नावे दोन्ही शेतकरी योजनांचे मिळून वर्षाचे १२,००० रुपये, म्हणजे महिन्याचे १,००० रुपये येतात, तिला ५०० रुपयेच मिळतात. कोणी मधल्या मध्ये पैसे कापले अशी शंका यावरून घेतली जाते. ती निराधार आहे.

खरी उणीव निराळीच आहे, आणि मुळशीने ती पूर्वी एकदा सोसली आहे. एप्रिल १९२१ मध्ये धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला व सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. जमिनीचा मोबदला मिळणार होता तो ज्याचे नाव दप्तरी होते त्यास. जमीन कसणारी कुळे व पुण्यातील सावकार यांचे हितसंबंध तेथेच विभागले गेले. आजचे साहाय्यही सातबारावरील नावाच्या मागे जाते. आजोबांच्या नावे असलेली जमीन कसणारा नातू, सामाईक खात्यातील हिस्सा न नोंदलेला धाकटा भाऊ, मामाच्या खाचरात अर्धेलीने भात करणारा भाचा हे सर्व शेतकरीच. पण दप्तरी ते शेतकरी नाहीत. कातकरी वाडीतील बहुतेक घरांजवळ तर जमीनच नाही. त्यांना शेतकरी योजनांचा हप्ता नाही. २०२० साली आदिवासी कुटुंबांसाठी ४,००० रुपयांचे खावटी अनुदान मंजूर झाले, त्यातील निम्मे रोख व निम्मे धान्य-किराण्याच्या रूपाने होते. परंतु ते नियमित हप्त्यासारखे नव्हते.

सन्मान निधीच्या नियमांनी १ फेब्रुवारी २०१९ हा दिवस जमीनधारणेसाठी आधारभूत धरला. त्यानंतर खरेदीने आलेल्या जमिनीस लाभ नाही, परंतु खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीस ही आडकाठी ठेवलेली नाही. म्हणून उन्हाळ्यात राब भाजण्याची कामे चालू असतानाच कार्यकर्त्याने वाडीवार फिरून मृत खातेदारांची नावे उतरून घ्यावीत, वारसांकडून मृत्यूचा दाखला व अर्ज सज्जावर पोहोचवावा, आणि फेरफार मंजूर होऊन सातबारावर नाव आले की नाही हे पुन्हा जाऊन पाहावे. ज्यांची ओळख-पडताळणी अपुरी आहे किंवा बँक खाते आधारशी जोडलेले नाही, त्यांची वेगळी यादी करावी. भूमिहीन घरांतील पात्र स्त्रियांचे आणि ६५ वर्षांवरील निराधार वृद्धांचे श्रावणबाळ योजनेचे अर्ज याच फेरीत भरून घेता येतात. ही सर्व कामे मृगापूर्वी उरकावीत. एकदा ओढ्यांना पाणी आले म्हणजे धरणापलीकडील वाड्यांतून पौडास येणे माणसांस दिवसभराचे काम होऊन बसते.