दोन गणितं, पण विषय एकच

इंग्लंडमध्ये आपल्या अकरावी-बारावीच्या वयात मुलं ए-लेव्हलचे तीन विषय घेतात, फार तर चार. ‘मॅथ्स’ आणि ‘फर्दर मॅथ्स’ हे त्यातले दोन वेगळे विषय. पेपर वेगळे, ग्रेडही वेगळी. विद्यापीठ मात्र ते दोन धरेल की एक, हे ज्या त्या अभ्यासक्रमावर अवलंबून असतं. पीसीएमबी घेऊन बारावी झालेल्या आपल्यासारख्या आईवडिलांच्या हे ध्यानीमनीही नसतं, म्हणून आमच्या घरचं सांगते.

मुलीला डॉक्टर व्हायचं होतं. तिने केमिस्ट्री, बायॉलॉजी, मॅथ्स आणि फर्दर मॅथ्स घेतले. पहिलं वर्ष संपता संपता ताण असह्य झाला, तेव्हा शाळेतल्या मार्गदर्शक बाईंनी बायॉलॉजी सोडायला सुचवलं. काही मेडिकल स्कूलना केमिस्ट्रीच्या जोडीला गणित चालतं, शिवाय तिसरा विषय आहेच, असं त्यांचं म्हणणं. पहिली गोष्ट खरी होती. दुसरीने घात केला. उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक एकेका मेडिकल स्कूलच्या प्रवेशाच्या अटी वाचत बसली, आणि बहुतेक ठिकाणी तेच निघालं: मॅथ्स असेल तर फर्दर मॅथ्स तिसरा विषय म्हणून धरणार नाही. तिच्याकडे ए-लेव्हल तीन, त्यांच्या लेखी दोनच.

सप्टेंबरात शाळेने बायॉलॉजीच्या वर्गात परत घेतलं नाही. अखेर एक वर्ष थांबून तिने तो विषय खासगी परीक्षार्थी म्हणून दिला. त्यातही मेख होती. प्रयोगांचा शेरा लेखी ग्रेडपासून वेगळा मिळतो, आणि तो ‘पास’ असावा असं बरीच विद्यापीठं सांगतात. बाहेरच्या मुलांकडून प्रयोग करून घेणारं केंद्र शोधायचं, त्याची फी निराळी भरायची. बटाट्याचे सारख्या मापाचे तुकडे वेगवेगळ्या द्रावणांत बुडवून त्यांचं वजन टिपायला लेक दूरच्या गावी जायची. शाळेत हाच प्रयोग तिला फुकट करता आला असता.

दोन्ही गणितांचं नातं जुनं आहे. 2017 मध्ये नवा अभ्यासक्रम येईपर्यंत एका गणिताला सहा मॉड्यूल लागत, दोन्हींना मिळून बारा, आणि काही मॉड्यूल दोन्हींपैकी कशातही मोजता येत. त्यामुळे मेडिकल स्कूल दोन्ही गणितं एकच धरतात, हे मी समजू शकते. डॉक्टर होणाऱ्या मुलाचा अभ्यास एकाच अंगाचा नसावा, हेही मला पटतं. पण ही अट सोळाव्या वर्षी विषय निवडतानाच मुलांना स्पष्ट सांगायला हवी. ती त्यांनी स्वतः शोधून काढावी, ही अपेक्षाच चुकीची आहे.

विद्यापीठ-प्रवेशाचे अर्ज हाताळणाऱ्या यूकास या संस्थेच्या गुणांवर विसंबू नका. त्या हिशेबात ए ग्रेडला 48 गुण, म्हणजे दोन्ही गणितांचे 96 होतात, आणि सगळं जमलं असं वाटतं. मेडिकलची ऑफर मात्र साधारणपणे गुणांत नसते, विषय आणि ग्रेडमध्ये असते. फर्दर मॅथ्स चौथा विषय म्हणून घेतला तर काही अडत नाही, फक्त बाकीचे तीन सांभाळता आले पाहिजेत.

ज्याला गणितच करायचंय त्याने नेमकं उलट करावं. केंब्रिजला किंवा इम्पीरियलला गणिताच्या पदवीसाठी फर्दर मॅथ्स लागतंच. तिथे ते सोडणं म्हणजे दार स्वतःच लावून घेणं. मुलाचं मन डॉक्टरकी आणि गणित यांत दोलायमान असेल, तर पहिलं वर्ष चारही विषय चालू ठेवावेत, आणि कुठलाही विषय सोडण्याआधी मनातल्या सगळ्या अभ्यासक्रमांच्या अटी वाचाव्यात.

अटीत फर्दर मॅथ्सचा उल्लेखच नसेल तर गप्प बसू नका. प्रवेश विभागाला ईमेल करा. ‘फर्दर मॅथ्स चालेल का?’ एवढंच विचारलंत तर ‘चालेल’ असं उत्तर येईल आणि तुम्ही फसाल. मुलाचे तिन्ही विषय लिहा, प्रवेशाचं वर्ष लिहा, आणि हे तीन वेगळे विषय म्हणून धरले जातील का, असं विचारा. मेडिकलचा अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो, पण विषय सोडायचा निर्णय त्याआधीच्या जून-जुलैत होतो. लेखी उत्तर तेव्हा हातात हवं.